पाट्या वर!

भरलेल्या वर्गाच्या मागच्या दारात पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत, कोपरखैरण्यात, कुठेही. पस्तीस मिनिटांची तासिका, पन्नास-पंचावन्न मुलं, बाकांच्या तीन रांगा. बाई प्रश्न विचारतात, आठ-दहा हात वर होतात, त्यातलं एक मूल उत्तर देतं, बाई "बरोबर" म्हणतात आणि धडा पुढे सरकतो. पुढच्या प्रश्नालाही तेच हात. उरलेली पंचेचाळीस मुलं दंगा करत नाहीत. वही उघडी असते, डोळे फळ्याकडे असतात. पण त्यांना कुणी काही विचारलेलंच नसतं, त्यामुळे विचार करायचं त्यांना कारणही नसतं.

"हल्लीच्या मुलांचं लक्षच लागत नाही" असं म्हटलं की सगळं खापर मोबाइलवर फुटतं. मोबाइलचा वाटा आहेच, तो मी नाकारत नाही. पण वर्ग रंगवायचा म्हणजे मोबाइलशी करमणुकीची स्पर्धा करायची, असं समजून जो खटाटोप चालतो तो मला पटत नाही. माझं म्हणणं साधं आहे. दर पाच-सात मिनिटांनी वर्गातल्या प्रत्येक मुलाला स्वतःचं उत्तर मांडावं लागेल आणि ते उत्तर शिक्षकाला दिसेल, एवढी सोय करा. त्यासाठी सगळ्यांत उपयोगी वस्तू आपण पहिली-दुसरीनंतर माळ्यावर टाकून देतो. ती म्हणजे पाटी.

पाचवी ते नववीच्या वर्गासाठी जुनी दगडी पाटी नको. तिच्यावरची पेन्सिलीची बारीक रेघ तिसऱ्या-चौथ्या बाकापलीकडे फळ्याजवळून दिसत नाही, आणि खडूने लिहिलं तर धूळ उडते. स्टेशनरीच्या दुकानात फाइलीत कागद घालायची पारदर्शक पिशवी मिळते, शीट प्रोटेक्टर म्हणून मागायची. तिच्यात ए-फोर आकाराचा पुठ्ठा आणि त्यावर एक कोरा पांढरा कागद सरकवला की पाटी तयार. लिहायला व्हाइटबोर्ड मार्कर, पुसायला जुन्या मोज्याचा किंवा सुती कापडाचा तुकडा. पंचावन्न मुलांच्या संचात मोठा खर्च मार्करचा असतो. म्हणून शाई भरता येणारेच मार्कर घ्यावेत. रंग काळा किंवा निळा. लाल आणि हिरवा मागच्या बाकावरून पुसट दिसतात.

काय बिघडतं तेही सांगते. पिशवी खरखरीत असेल तर शाई तिच्यात बसते आणि आठवड्याभरात पाटी काळवंडते, म्हणून गुळगुळीत घ्यावी. गुळगुळीत पिशवीवर ट्यूबलाइट चमकते आणि उत्तर वाचता येत नाही, म्हणून पाटी धरताना वरची कड थोडी पुढे झुकवायला शिकवावं. शाई रात्रभर तशीच राहिली तर सकाळी निघत नाही, तेव्हा तास संपताना पुसणं हे ठरलेलं काम असावं. कुणी चुकून परमनंट मार्करने लिहिलं तर त्यावरच व्हाइटबोर्ड मार्कर गिरवायचा आणि लगेच पुसायचं, दोन-तीन वेळा केलं की जातं. मार्कर उभे ठेवले की शाई एका टोकाला उतरते, ते आडवे ठेवावेत. जूनपासून पुठ्ठा दमट होऊन वाकतो, त्यामुळे पावसाळ्याआधी पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद करावं. उन्हाळी सुट्टीनंतर निम्मे मार्कर वाळलेले निघणार हे धरूनच चालावं.

या पाटीचा आणखी एक मोठा फायदा आहे. आतला कागद बदलता येतो. एका दिवशी संख्यारेषा, दुसऱ्या दिवशी आलेखाचे चौकोन, भूगोलाच्या तासाला महाराष्ट्राचा कोरा नकाशा, मराठीच्या तासाला चारोळीतले गाळलेले शब्द. मूल वरून लिहितं, पुसतं, पुन्हा लिहितं. वहीत खाडाखोड होईल म्हणून जी मुलं हातच लावत नाहीत, ती पाटीवर बिनधास्त लिहितात, कारण चूक पुसली जाणार हे त्यांना माहीत असतं.

आता पद्धत. प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि खडू खाली ठेवायचा. तीस-चाळीस सेकंद कुणी बोलायचं नाही. उत्तर चार बोटं उंच अक्षरात, एका ओळीत. लिहून झालं की पाटी बाकावर पालथी. मग "पाट्या वर!" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम छातीसमोर धरायची, डोक्यावर नाही, नाहीतर मागच्याला पुढचं दिसत नाही. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे आधी लिहून झालेली मुलं पाटी आधीच वर करतात आणि बाकीची त्यांचं बघून लिहितात. पहिला आठवडाभर फक्त एवढ्याच शिस्तीवर घालवला तरी चालेल. दुसरी चूक शिक्षकाची. पाट्या पाहताना योग्य उत्तराकडे बघून चेहरा उजळतो, मान डोलते. मुलं आपला चेहरा पुस्तकापेक्षा लवकर वाचतात. चेहरा कोरा ठेवायचा सराव करावाच लागतो.

पंचावन्न पाट्या दहा सेकंदांत कशा वाचायच्या? सगळ्या वाचायच्या नाहीत. आपल्याला अपेक्षित असलेली एक विशिष्ट चूक मनात धरायची आणि रांगेरांगेने फक्त तीच मोजायची. त्यासाठी प्रश्नच तसा हवा, आणि खरी मेहनत तिथे आहे.

एक प्रश्न जवळून बघू. सहावीत दशांश अपूर्णांक शिकवून झालेत. फळ्यावर लिहा: ०.५ आणि ०.३५, मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.३५ लिहितात. पाचापेक्षा पस्तीस मोठे, हा त्यांचा हिशेब. यात आपल्या वाचण्याचाही हात असतो. "शून्य पॉइंट पस्तीस" असं आपणच घाईत म्हणतो, तेव्हा मुलाच्या कानावर पस्तीसच पडतात. "शून्य पूर्णांक तीन पाच" असं वाचलं की निदान तो आकडा मोठा वाटत नाही. पण एवढ्यावर थांबू नका. लगेच दुसरा प्रश्न: ०.४ आणि ०.४६, मोठी कोणती? पहिल्याला ०.५ असं अगदी बरोबर उत्तर देणारी काही मुलं इथे ०.४ लिहितील. त्यांनी मनाशी वेगळाच नियम बांधलेला असतो: दशांशचिन्हानंतर जितके अंक कमी तितकी संख्या मोठी. पहिल्या प्रश्नात हा खोटा नियम खऱ्या उत्तराला पोचवतो, म्हणून एकाच प्रश्नावर खूश होणं धोक्याचं. दोन्ही बरोबर आले तरच समजलंय असं धरावं, आणि खात्रीसाठी तिसरा: ०.५ आणि ०.५०. हे समजवायला रुपये-पैसे घेतले जातात, पण आजच्या मुलांनी पैशांची नाणी हातात धरलेलीच नाहीत. त्यापेक्षा शिंप्याची टेप भिंतीवर उभी लावा आणि ०.५ मीटर नि ०.३५ मीटर कुठे येतात ते त्यांनाच दाखवायला सांगा.

पाट्या पाहिल्यावर पुढे काय करायचं, याचा एक चांगला ठोकताळा हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्या 'पीअर इन्स्ट्रक्शन', म्हणजे मुलांनी एकमेकांना समजावण्याच्या पद्धतीतून मिळतो. त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मोठ्या वर्गात ती रुजवली. तीस टक्क्यांहून कमी बरोबर असतील तर मुलांना बोलायला लावून उपयोग नाही, आपणच वेगळ्या रीतीने पुन्हा शिकवावं. सत्तर टक्क्यांहून जास्त असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जावं. मधल्या पट्ट्यात मुलांनाच एकमेकांशी बोलू द्यावं. पंचावन्नांच्या वर्गात हा पट्टा म्हणजे सतरा ते अडतीस बरोबर उत्तरं. आपला मोजण्यातला अंदाज चार-पाचांनी चुकला तरी निर्णय बहुधा बदलत नाही.

बोलू द्यायचं म्हणजे "चर्चा करा" असं म्हणून सोडून द्यायचं नाही. बरोबर उत्तर अजून सांगायचं नाही, किती जणांचं बरोबर हेही नाही. सूचना नेमकी: शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर तुमचं का बरोबर ते त्याला पटवा, सारखंच असेल तर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकावरच्यांनी मागे वळा. वेळ दोन मिनिटं, त्याहून जास्त नको, तिसऱ्या मिनिटाला विषय क्रिकेटकडे वळतो. बोलायला सुरुवात खिडकीच्या बाजूला बसलेल्याने करायची, म्हणजे बाकावरचं हुशार मूलच दरवेळी तोंड उघडणार नाही. दोन मिनिटांनी पाटी पुसून उत्तर नव्याने लिहायचं. बदललं तरी हरकत नाही, नाही बदललं तरी नाही.

गोंगाटाची भीती खरी आहे. घोडबंदर रस्त्यालगत किंवा रेल्वेलाइनच्या कडेला असलेल्या शाळेत आधीच बाहेरचा आवाज, त्यात सहा पंखे, शेजारच्या वर्गातून पाढे. अशा वेळी ओरडून गप्प करायला गेलं की आवाज वाढतोच. आवाजाऐवजी डोळ्यांना दिसणारी खूण ठरवावी: ट्यूबलाइट एकदा बंद-चालू, किंवा शिक्षकाने हात वर केला की ज्याला दिसेल त्याने हात वर करून गप्प व्हायचं. आणि तोंडी प्रश्न असेल तेव्हाही आधी प्रश्न, मग पाचपर्यंत मनात मोजायचं, मग नाव. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंदांहून जास्त थांबले तर उत्तरं लांब होतात, उत्तरं देणारी मुलंही वाढतात. नाव निवडायला हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवाव्यात. निघालेली चिठ्ठी पुन्हा डब्यातच टाकायची. बाहेर ठेवली की ते मूल त्या दिवसापुरतं सुटलं.

तासाची पहिली चार मिनिटं आठवण्यासाठी ठेवावीत. वह्या-पुस्तकं बंद, चार प्रश्न: दोन कालचे, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पाहिलं तेव्हा, वाचून झाल्यावर उतारा न बघता आठवून लिहिलेले पुढे होते. याला गुण द्यायचे नाहीत. गुण आले की लपवाछपवी आली आणि पाटीचा सगळा उपयोग गेला.

आता दर्जेदार प्रश्न आणायचे कुठून? आपल्या दारातून. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये असलेल्या बोर्डीत १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाची साधनं शिंपले, पानं, बिया, खडे यांतून उभी केली. महागडी साधनं आणणं शक्य नव्हतं हे एक, आणि मुलाला ओळखीची वस्तू हातात दिली की ते लगेच कामाला लागतं हे दुसरं. आपल्याकडे तर खाडी आहे.

सातवीच्या भूगोलातला भरती-ओहोटीचा धडा घ्या. बहुतेक वर्गांत तो आकृती काढून, उत्तरं लिहून संपतो. कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. दिवसात दोन भरत्या, दोहोंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच.

फळ्यावर फक्त नियम लिहा आणि विचारा: एकादशीला भरती किती वाजता? पाट्या वर. कित्येक पाट्यांवर ८.२५ दिसेल, म्हणजे आठ वाजून पंचवीस मिनिटं. दशांश आणि मिनिटं यांची ही गल्लत गणितातही सारखी आडवी येते: पाऊण तास म्हणजे ०.४५ तास असं धरून वेग काढणारी मुलं दहावीतही सापडतात. इथे आपली भाषा मदतीला आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द ज्याच्या तोंडी आहेत त्याला पंचवीस शतांश म्हणजे पाव हे वेगळं शिकवावं लागत नाही. सेमी-इंग्रजीच्या वर्गांत हे शब्द मुलांच्या कानावरून गेलेलेच नसतात, तेव्हा आधी दहा मिनिटं या शब्दांनाच द्यावीत. ती वाया जात नाहीत.

मग प्रत्येक बाकाला एकेक तिथी वाटून द्या. पंधरा तिथी, एकेक तिथी दोन बाकांना गेली तर एकमेकांचं तपासता येतं. मुलांनी नियमाने वेळ काढायची, शेजारी छापील वेळ लिहायची. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत मुंबईच्या भरतीच्या वेळा आणि उंची छापून येते, ती पंधरा दिवस कापून ठेवली की झालं. फरक मिनिटांत काढून फळ्यावरच्या तक्त्यात भरायचा. फरक पडणारच. आणि मग खरा प्रश्न: नियमाप्रमाणे पौर्णिमेची भरती सव्वाअकराला, दुसऱ्या दिवशी प्रतिपदेची पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी. उडी समुद्राने मारली की नियमाने?

या प्रश्नावर वर्ग हमखास दुभंगतो. उत्तर हिशेबातच आहे. एका अमावस्येपासून पुढच्या अमावस्येपर्यंत, म्हणजे तीस तिथींत, भरतीची वेळ चोवीस तासांनी सरकते. म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. नियम सोपा ठेवायला पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं धरतो. रोज तीन मिनिटं मागे पडत पंधरा तिथींत ४५ मिनिटांची तूट साचते आणि प्रतिपदेला नव्याने मोजायला लागलो की ती एकदम भरून निघते. मुलांना हे सांगू नका. ४८ चा आकडा द्या आणि पाटीवर तूट काढू द्या.

अडचणी तीन. तिथी सूर्योदयाला बदलत नाही, दिवसात केव्हाही बदलते, त्यामुळे दिनदर्शिकेवरची तिथी आणि त्या क्षणाची तिथी जुळतेच असं नाही. मुंबई बंदरापेक्षा खाडीत आत, ठाण्याकडे भरती उशिरा पोचते. आणि "भरती केव्हा येते" व "मोठी भरती केव्हा येते" यांची मुलं सरमिसळ करतात. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासचं उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे लहान भरती, हे शब्द चेंदणी कोळीवाड्यातल्या किंवा दिवाळे गावातल्या मुलांच्या घरात रोजचे आहेत. एरवी मागे बसणारं असं एखादं मूल या तासाला उभं राहून वर्गाला समजावू शकतं. त्याला ती संधी ठरवून द्या, आदल्या दिवशी घरी विचारून यायला सांगा.

शेवटचा प्रश्न ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याचा. हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या केंद्रातून बोटफेरी भरतीच्या वेळेवर सुटते. शाळा सकाळी सात ते बारा. माघातल्या अष्टमीला सहल ठेवावी का? नसेल तर कुठल्या तिथीला? दोन-तीन उत्तरं बरोबर येऊ शकतात, कारण द्यावं लागतं. हाच तास पडद्यावरच्या दहा मिनिटांच्या चित्रफितीने भरला असता तर मुलं शांत बसली असती आणि ४८ मिनिटं कुणाच्याच हाताला लागली नसती. चित्रफीत दाखवायचीच असेल तर चाळीस सेकंदांनी थांबवा, पुढे काय होईल ते पाटीवर लिहायला सांगा, मग पुढे चालू करा.

गटकामाबद्दल एवढंच: सहा जणांचा गट आणि एक तक्ता दिला की एक जण लिहितो, एक रंगवतो, चार बघतात. चारपेक्षा मोठा गट नको, आणि गटाचं उत्तर कुणी सांगायचं ते आधी ठरवू नये, चिठ्ठीने ठरवावं. मग चौघांनाही समजून घ्यावं लागतं.

तासाच्या शेवटी तीन मिनिटं राखावीत. रद्दी कागदाच्या चतकोर चिठ्ठीवर एक प्रश्न, हजेरी क्रमांकासह. दारातून जाताना ती टेबलावर ठेवायची. मधल्या सुट्टीत पंचावन्न चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करायला पाच-सहा मिनिटं लागतात: आलं, थोडक्यात चुकलं, मुळातच कळलं नाही. तपासून परत द्यायच्या नाहीत, लाल शाई नाही. तिसऱ्या गठ्ठ्यातले क्रमांक वहीत टिपून ठेवायचे, आणि मधल्या गठ्ठ्यातली सगळ्यांत जास्त वेळा आलेली चूक उचलून तीच उद्याच्या पहिल्या पाटीचा प्रश्न करायची.